अचल की आचार? : पूर्व आशियाच्या अभ्यासाची मराठी वाट

पूर्व आशियाचा अभ्यास करायला परदेशी जायचे, याचे आता गिरगावातही कोणाला नवल वाटत नाही. फणसवाडीत आमच्या आजूबाजूच्या चाळींतलीच चार-पाच मुले जपानी नाहीतर कोरियन शिकतात. कोणी मालिका पाहून त्या नादाला लागलेली, कोणी पुण्यातल्या जपानी कंपन्यांत दुभाष्याला काय पगार मिळतो ते ऐकून. त्यांतली एखाददुसरी पुढे ‘ईस्ट एशियन स्टडीज’मध्ये एम.ए. करायचे म्हणून लंडन, सोल, तैपेईच्या विद्यापीठांची माहितीपत्रके घेऊन माझ्याकडे येतात. मी या विषयाचा पदवीधर नाही. नोकरी सांभाळून टाउन हॉलमधल्या एशियाटिकच्या वाचनालयात पाली ग्रंथ आणि त्यांची चिनी भाषांतरे यांच्या मागे काही वर्षे घालवली, एवढेच. पण चाळीत ‘काकांना चिनी येते’ असा बोलबाला झाला, की तो पुसता येत नाही.

मुले विचारतात, कुठे जावे? आईवडील विचारतात, एवढे कर्ज काढून पुढे काय? दोन्ही प्रश्न रास्त आहेत. मात्र त्यांच्याआधीचा एक प्रश्न कोणी विचारत नाही. तिथे जाऊन वाचायचे काय? शंभरेक वर्षांपूर्वी ज्या मराठी माणसांनी ही वाट धरली, त्यांच्याजवळ या प्रश्नाचे उत्तर घरून निघतानाच होते. त्यांची हकिकत विसरून आजच्या एम.ए.चा हिशेब मांडता येईल असे मला वाटत नाही.

आधी एक उदाहरण देतो. शाळेच्या इतिहासात आपण सर्वांनी वाचलेले आहे, की ह्युएन त्संग नावाचा चिनी यात्रेकरू सातव्या शतकात महाराष्ट्रात आला आणि त्याने इथल्या लोकांबद्दल आणि पुलकेशी राजाबद्दल लिहून ठेवले. इथले लोक ताठ, उपकार स्मरणारे, अपमान न विसरणारे. सेनापती हरला तर त्याला बायकी कपडे नेसवतात. हत्तींना दारू पाजून लढाईत सोडतात. हर्षवर्धनालाही हा देश जिंकता आला नाही. ते ऐकताना प्रत्येक मराठी पोराची छाती फुगलेली असते. हा मजकूर त्याच्या बारा खंडांच्या प्रवासग्रंथातल्या अकराव्या खंडात आहे. तो इ.स. ६२९मध्ये चीनमधून निघाला, ६४५मध्ये परतला आणि पुढच्याच वर्षी ग्रंथ पुरा झाला. देशाचे नाव त्याने मो-हो-ला-छा असे लिहिले आहे. आपल्यापर्यंत हा मजकूर आला तो मात्र युरोपमार्गे. आधी स्तानिस्लास जूलियाँ यांचे फ्रेंच भाषांतर, मग १८८४चे सॅम्युएल बील यांचे इंग्रजी, त्यानंतर १९०४-०५चे थॉमस वॉटर्स यांचे विवेचन. आपली पाठ्यपुस्तके या इंग्रजीच्या आधाराने उभी आहेत.

आता याच प्रकरणातली एक ओळ पाहू. देशाच्या पूर्व सीमेवर डोंगरात खोदलेला एक संघाराम आहे आणि त्याच्या दाराबाहेर उत्तरेला एक व दक्षिणेला एक असे दगडी हत्ती आहेत, असे तो सांगतो. हे वर्णन अजिंठ्याचे, यावर बहुतेकांचे एकमत आहे. सोळाव्या लेण्याच्या पायऱ्यांशी हत्ती आजही उभे आहेत. हा विहार एका अर्हताने बांधला, असे सांगून त्याचे नाव तो तीन चिनी अक्षरांत देतो. अ-चे-लो असा त्याचा साधारण उच्चार. अजिंठ्याच्या सव्विसाव्या लेण्यातल्या शिलालेखात स्थविर अचल याचा उल्लेख आहे. तेव्हा अ-चे-लो म्हणजे अचल, असे अभ्यासकांनी जुळवले.

गंमत पुढेच आहे. चिनी लिपीत संस्कृत नावे लिहिताना ऱ्हस्व-दीर्घ कळत नाही, आणि ‘र’ व ‘ल’ यांसाठी अनेकदा एकच अक्षर येते. महाराष्ट्रातल्या ‘रा’चा ‘ला’ झाला तो त्यामुळेच. म्हणजे नुसत्या उच्चारावरून हे नाव अचल असेल किंवा आचारही असेल. ग्रंथात नावापाशीच एक छोटी टीप आहे. आमच्या भाषेत याचा अर्थ अमुक, असे सांगणारी. तिथे अर्थ दिला आहे तो ‘आचरण’ या अंगाचा, ‘न हलणारा’ असा नव्हे. म्हणजे टीप लिहिणाऱ्याने नाव आचार असे समजून घेतले होते. मग शिलालेखातला अचल आणि हा आचार एकच माणूस का? कान फसला कोणाचा, ह्युएन त्संगचा, त्याला सांगणाऱ्याचा की लेखनिकाचा? मी या बाबतीत शिलालेखाच्या बाजूने आहे. पण मुद्दा तो नाही. हा प्रश्न पडण्यासाठी एका हातात संस्कृत शिलालेख आणि दुसऱ्या हातात चिनी मूळ हवे. नुसत्या इंग्रजीत तो आकार घेत नाही.

अशा प्रश्नांच्या मागे गेलेली मराठी माणसे होती. सुरुवात धर्मानंद कोसंबींपासून करावी लागते. गोव्यातल्या साखवाळचा हा माणूस १८९९च्या अखेरीस घर सोडून निघाला, काशी-नेपाळ करीत सिलोनला पोहोचला आणि तिथे पाली शिकला. परत आल्यावर सयाजीराव गायकवाडांनी त्यांना महिना पन्नास रुपये देऊ केले. अट अशी, की महाराष्ट्रातल्या कोणत्याही शहरात राहावे आणि वर्षाला एक पुस्तक लिहावे. आजच्या किती शिष्यवृत्त्यांची अट एवढी शहाणी असते? हार्वर्डचे जेम्स वुड्स हिंदुस्थानात आले असता त्यांची कोसंबींशी गाठ पडली आणि १९१०मध्ये कोसंबी हार्वर्डला गेले. पदवी घ्यायला नव्हे, तर हेन्री वॉरन यांच्या मृत्यूमुळे १८९९पासून अर्धवट राहिलेले बुद्धघोषाच्या ‘विसुद्धिमग्गा’चे संपादन पुरे करायला. श्रेयाच्या प्रश्नावरून त्यांचे आणि तिथले प्राध्यापक लॅनमन यांचे बिनसले. काम पुढे वीस वर्षे अधूनमधून चालले, चार खेपा झाल्या, आणि हार्वर्डची आवृत्ती निघाली १९५०मध्ये. तोवर वॉरन, लॅनमन, कोसंबी तिघेही गेले होते. दरम्यान कोसंबींनी १९४०मध्ये तोच ग्रंथ नागरी लिपीत मुंबईत छापून घेतला होता. परळला १९३७मध्ये त्यांनी बहुजन विहार काढला, हे आता परळच्या किती लोकांना ठाऊक आहे कोण जाणे.

या सगळ्यात चीन कुठे आला, असे कोणी विचारील. तो आला कोसंबींच्या विद्यार्थ्यामुळे. १९१२ ते १९१८ कोसंबी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकवत होते. तिथे त्यांना पुरुषोत्तम विश्वनाथ बापट हा विद्यार्थी मिळाला. विसुद्धिमग्गात बुद्धघोष माणसांच्या प्रकृतींचे, म्हणजे चरियांचे, सहा प्रकार सांगतो आणि काहीजण चौदा मानतात असा ओझरता उल्लेख करतो. हे ‘काहीजण’ कोण? या भागावरच्या टीकेत धम्मपालाने उपतिस्स स्थविर आणि त्याचा ‘विमुत्तिमग्ग’ ही नावे दिली आहेत. पण तो पाली ग्रंथ नष्ट झालेला. सहाव्या शतकाच्या आरंभी फुनान देशातून, म्हणजे आजच्या कंबोडियाच्या बाजूने, चीनमध्ये गेलेल्या संघपाल नावाच्या भिक्षूने त्याचे बारा खंडांत चिनी भाषांतर केले होते. ते भाषांतर म्हणजेच हरवलेला विमुत्तिमग्ग, हे जपानच्या माकोतो नागाई यांनी १९१९च्या सुमारास दाखवून दिले.

बापटांनी हे चिनी पुस्तक आणि पाली विसुद्धिमग्ग शेजारी ठेवून ओळीने ताडून पाहिले. चौदा चरिया त्या चिनी ग्रंथात जशाच्या तशा मिळाल्या. या कामावर त्यांना १९३२मध्ये हार्वर्डची पीएच.डी. मिळाली आणि १९३७मध्ये ते पुण्यात छापले गेले. विसुद्धिमग्गासारखा थेरवादाचा पायाभूत ग्रंथ एकदम आकाशातून पडलेला नाही, त्याच्याआधी त्याच वळणाचा दुसरा एक ग्रंथ होता आणि बुद्धघोषासमोर तो असावा, हे त्यातून पुढे आले. पाली शिकवणाऱ्या फर्ग्युसनच्या प्राध्यापकाला चिनी का लागली, याचे इतके सरळ उत्तर क्वचित मिळते. आपले हरवलेले पुस्तक शेजाऱ्याच्या कपाटात होते, आणि कपाटाची किल्ली म्हणजे त्याची भाषा.

वासुदेव विश्वनाथ गोखले यांची तऱ्हाही तीच. ते जर्मनीला गेले. बॉनला १९३०मध्ये त्यांचा प्रबंध झाला तो उल्लंघ नावाच्या लेखकाच्या, चिनीत उरलेल्या, प्रतीत्यसमुत्पादावरच्या ग्रंथावर. त्याच वर्षी हायडेलबर्गहून ‘अक्षरशतक’ या छोट्या ग्रंथाचे त्यांचे काम प्रसिद्ध झाले, तेही चिनी-तिबेटी आधारांवर. राहुल सांकृत्यायन यांनी तिबेटच्या मठांतून पोथ्यांची छायाचित्रे आणली. त्यांवरून वसुबंधूच्या अभिधर्मकोशाच्या कारिकांचा मूळ संस्कृत पाठ गोखल्यांनी १९४६मध्ये प्रसिद्ध केला, तो आपल्या मुंबईच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या शाखेच्या नियतकालिकात. जगभरचे अभ्यासक आजही त्या अंकाचा हवाला देतात. त्याआधी १९२३मध्ये परशुराम लक्ष्मण वैद्य यांनी पॅरिसला आर्यदेवाच्या चतुःशतकावर तिबेटीच्या आधारे प्रबंध केला होता. यादी लांबवता येईल; इथे एवढी पुरे.

या सर्वांत वेगळा माणूस म्हणजे वसंत परांजपे. भारत सरकारच्या शिष्यवृत्तीवर १९४७मध्ये जे मोजके भारतीय विद्यार्थी पेकिंग विद्यापीठात गेले, त्यांत ते होते. ते पोथीपाशी न थांबता जिवंत भाषेत शिरले आणि परराष्ट्र खात्यात गेले. १९५४मध्ये नेहरू पेकिंगला गेले तेव्हा माओंबरोबरच्या बोलण्यात दुभाष्याचे काम परांजप्यांनी केले. पुढे ते राजदूतही झाले. चीन म्हटले की आपल्याकडे सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आठवतात. परळच्या जी. एस. मेडिकलमध्ये ते शिकले आणि तिकडे जखमींची सेवा करताना चिनी शिकले. त्यांचे आयुष्य मोठेच आहे आणि शांतारामबापूंच्या चित्रपटाने ते घरोघरी पोहोचले. पण मराठी माणसाचा चीनशी संबंध म्हणजे एवढाच, हा समज मला खटकतो. बापट-गोखल्यांवर चित्रपट निघणार नाही हे खरे. ग्रंथालयात बसलेल्या माणसाचे चित्रण काय करणार!

*

आता आजच्या एम.ए.कडे येऊ. बापट हार्वर्डला होते तेव्हा ‘ईस्ट एशियन स्टडीज’ अशी पदवी कोणी घेत नव्हते. चिनी ही पाली-संस्कृतसारखी अभ्यासकाची भाषा होती. पॅरिसला चिनीचे अध्यासन १८१४मध्येच निघाले होते, पण विद्यार्थी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. चित्र बदलले ते दुसऱ्या महायुद्धाने. जपानशी लढताना अमेरिकेला जपानी जाणणारी माणसे कमी पडली. युद्धानंतर हार्वर्डला जॉन फेअरबँक यांच्या पुढाकाराने चीनचा ‘प्रदेश’ म्हणून अभ्यास सुरू झाला. त्यात भाषा, इतिहास, अर्थकारण, राजकारण असे सगळे एकत्र. रशियाचा स्पुटनिक १९५७मध्ये वर गेला आणि पुढच्याच वर्षी अमेरिकेने कायदा करून परक्या भाषांच्या अभ्यासाला सरकारी पैसा लावला. आज माहितीपत्रकात दिसणारी एम.ए. ही या घडामोडींची संतती आहे. तिची पहिली गरज शासनाची होती, नंतर व्यापाराची.

यात वाईट काही नाही. पण याचा एक परिणाम आपल्या मुलांना कोणी सांगत नाही. जगाचे असे तुकडे पाडले तेव्हा चीन, जपान, कोरिया एका विभागात गेले आणि भारत ‘साउथ एशिया’ म्हणून दुसऱ्यात. बऱ्याच विद्यापीठांत तर दोघांच्या इमारतीही वेगळ्या. दिल्ली विद्यापीठातसुद्धा बौद्ध अध्ययनाचा विभाग १९५७मध्ये निघाला, त्याचे काम आधी बापटांनी आणि मग गोखल्यांनी पाहिले; चिनी अभ्यासाचे केंद्र १९६४मध्ये वेगळे निघाले. म्हणजे पाली आणि चिनी शेजारी ठेवून वाचणारा आजचा बापट कोणत्या दारातून आत जाणार? मराठी विद्यार्थ्याचे जे खरे भांडवल, नागरी लिपी, संस्कृतची ओळख, पालीचा वारसा, घरापासून काही तासांवर असलेली कान्हेरी, कार्ले, अजिंठा, ते नेमके या दोन विभागांमधल्या फटीत पडते.

ही फट जिथे बुजलेली आहे अशी ठिकाणे आहेत, ती शोधावी लागतात. बेल्जियममधले गेंट, जर्मनीतले हांबुर्ग, हॉलंडमधले लायडेन, टोकियो आणि क्योटोमधल्या काही संस्था, तैवानची धर्म ड्रम संस्था. तिथे बौद्ध ग्रंथांसाठी चिनी शिकवण्याची परंपरा आहे. विद्यापीठाच्या नावापेक्षा तिथे त्या वर्षी शिकवणारा माणूस कोण आहे आणि त्याने गेल्या पाच वर्षांत काय छापले, हे पाहावे. जर्मनीत सरकारी विद्यापीठांत बहुतेक ठिकाणी शिकवणीशुल्क नसते. हायडेलबर्ग ज्या बाडेन-वुर्टेंबर्ग राज्यात येते तिथे मात्र युरोपबाहेरच्या विद्यार्थ्याला दर सत्राला १५०० युरो भरावे लागतात. पण जर्मनीत चिनी किंवा जपानीच्या एम.ए.ला बहुधा बी.ए.पासून ती भाषा हवी असते. उलट ब्रिटनमधली एका वर्षाची एम.ए. अनेकदा भाषा न येणाऱ्यालाही घेते. ‘भाषेची अट नाही’ हे वाक्य माहितीपत्रकात वाचून मुले खूश होतात. माझ्या मते तो धोक्याचा कंदील आहे.

का, ते साध्या हिशेबाने कळेल. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची आपल्या अधिकाऱ्यांना भाषा शिकवणारी संस्था आहे. इंग्रजी बोलणाऱ्याला चिनी, जपानी किंवा कोरियन कामापुरती यायला वर्गातले सुमारे २२०० तास लागतात, असा तिचा अनुभव आहे. स्पॅनिशसारख्या भाषेला याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास. समजा एम.ए.त आठवड्याला आठ तास भाषा आहे आणि शिकवणीचे आठवडे तीस. वर्षाचे झाले २४० तास. या गतीने नऊ वर्षे लागतील. एका वर्षानंतर हातात काय येते? अभिवादन, बाजारहाट आणि इंग्रजीत लिहिलेला एक प्रबंध, ज्याची सगळी साधने इंग्रजीच. एवढ्यासाठी लाखांचे कर्ज काढणे मला पटत नाही, आणि आईवडिलांना मी तसे स्पष्ट सांगतो.

मात्र हे २२०० तास इंग्रजी बोलणाऱ्याचे आहेत, हेही ध्यानात घ्यावे. जपानी आणि कोरियन वाक्यात क्रियापद शेवटी येते, आपल्यासारखेच. विभक्तीची कामे नामाच्या मागे लागणारे शब्द करतात, आपल्यासारखीच. तू, तुम्ही, आपण यांतला फरक ज्याच्या अंगवळणी आहे, त्याला जपानी आदरार्थी रूपांचे तत्त्व समजावून सांगावे लागत नाही. तपशील तेवढे घोकावे लागतात. आणि जपानी मुळाक्षरे अ, इ, उ, ए, ओ आणि पुढे क, स, त, न, ह, म, य, र, व या क्रमाने येतात, ती आपल्याच वर्णमालेच्या वळणाने; बौद्ध भिक्षूंनी मंत्रांसाठी नेलेल्या सिद्धम् लिपीच्या अभ्यासातून हा क्रम तिकडे रुजला. शाळेत कखगघ घोकलेल्या मुलाला हे घरचे वाटते. खरी मेहनत अक्षरचिन्हांची. जपानमध्ये रोजच्या वापरासाठी ठरवलेलीच २१३६ आहेत. ती कोणत्याही मातृभाषेच्या माणसाला सारखीच छळतात. चिनीत व्याकरणाचा असा फायदा नाही, पण तिथे वाक्यरचना तितकी आडवी येत नाही. आडवे येतात ते स्वर आणि चिन्हे.

म्हणून माझा सल्ला ठरलेला असतो. भाषेची पहिली दोन-तीन वर्षे इथे काढावीत. पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये परकीय भाषा शिकवतात, मुंबईतही वर्ग आहेत. जपानीच्या पाच पायऱ्यांपैकी निदान खालच्या तीन इथे चढाव्यात. मग अर्ज करावा. आधी कर्ज आणि मग शिष्यवृत्ती, असा उलटा क्रम लावू नये. कोरिया सरकारची शिष्यवृत्ती एक वर्ष भाषेसाठी आणि दोन वर्षे एम.ए.साठी असते, भाषेच्या वर्षाअखेर सहापैकी तिसरी पायरी गाठावी लागते. जपान सरकारची शिष्यवृत्ती वकिलातीमार्फत मिळते, तिला वयाची मर्यादा पस्तिशीच्या आत आहे, आणि तीत आधी ‘संशोधक विद्यार्थी’ म्हणून जाऊन मग प्रवेशपरीक्षा देऊन एम.ए.त शिरता येते. तैवानची एक शिष्यवृत्ती तर नुसत्या भाषेसाठी आहे, काही महिन्यांपासून वर्षापर्यंत. पदवीआधी स्वतःला अजमावून पाहायला ती उत्तम. पण यांतल्या बहुतेक अर्जांत एक कागद सर्वांत जड असतो. तुम्ही काय अभ्यासणार, त्याचा आराखडा. ‘मला जपानी संस्कृतीची लहानपणापासून ओढ आहे’ असे लिहिणारे हजारो असतात.

चाळीतल्या एका मुलीने मागे असाच आराखडा दाखवायला आणला होता. विषय कोरियन चित्रपटांचा. मी तिला विचारले, यात तुला माहीत आहे आणि तिथल्या विद्यार्थ्याला माहीत नाही, असे काय आहे? ती म्हणाली, “काका, माझे आजोबा गिरणीत होते.” मग तिने सोल आणि गिरणगाव, कामगारवस्ती आणि तिच्यावरची गाणी, असा आराखडा नव्याने लिहिला. पोथ्यांशी त्याचा काडीचा संबंध नाही, आणि असण्याचे कारणही नाही. परांजप्यांनी तरी कुठे पोथ्या धरल्या? पण आपल्या घरातून नेलेला प्रश्न त्यात होता.

ज्यांना जाणे शक्य नाही त्यांच्यासाठीही एक सांगतो. चिनी बौद्ध ग्रंथांचा मोठा संग्रह जपानमध्ये १९२४ ते १९३४ या काळात शंभर खंडांत छापला गेला, त्याला ताइशो आवृत्ती म्हणतात. बापटांच्या पिढीला तो पाहायला मोठे ग्रंथालय गाठावे लागे. तैवानमधल्या लोकांनी १९९८पासून त्यातल्या ग्रंथांचे पाठ संगणकावर आणून सर्वांना फुकट खुले केले. विमुत्तिमग्गाचे चिनी रूप त्यात १६४८व्या क्रमांकाला आहे आणि ह्युएन त्संगचा प्रवासग्रंथ २०८७व्या. फणसवाडीत रात्री दिवे मालवल्यावर मोबाइलवर अकरावा खंड उघडून मो-हो-ला-छा ही चार अक्षरे पाहता येतात. एवढ्यासाठी पारपत्र लागत नाही.

बापट निवृत्तीनंतरही थांबले नाहीत. विनयावरच्या पाली ‘समंतपासादिके’चे संघभद्राने केलेले चिनी रूप त्यांनी इंग्रजीत आणायला घेतले, टोकियोच्या अकिरा हिराकावा यांच्या सहकार्याने. ते पुस्तक पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९७०मध्ये छापले, तेव्हा बापटांचे वय शहात्तरच्या घरात होते.